हॉलमधल्या खुर्चीला आईचं नाव द्यायचंय, आधी काय विचारू?

कोथरूडकर: आई सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला पहाटेपर्यंत बसायची, आता एका जुन्या हॉलचं नूतनीकरण झालंय आणि ते खुर्ची स्पॉन्सर करा म्हणतायत, पाठीवर पितळी पट्टी लावून नाव. द्यायचं नक्कीय.

तानपुरा: मस्तच! नाव किती वर्षं राहणार ते लेखी घ्या, खुर्च्या बदलल्या तर पट्टी नवीनवर लावणार का तेही. आणि बहुतेक ठिकाणी सीट राखीव नसते हं, तिकीट काढावंच लागतं.

पेठेतली: ८०जी (देणगीवरची आयकर सूट) आहे का विचारा, २००० च्या वर कॅश दिलीत तर सूट नाही, नवीन टॅक्स रिजीममध्ये तर मिळतच नाही.

तानपुरा: पैसे साउंड, एसीच्या देखभालीला जाणार असतील तर बिनधास्त द्या, खरा खर्च तिथेच असतो.

कोथरूडकर: थँक्यू, उद्याच जाऊन विचारतो.