विशारद झालंय, आता समूहगान शिकवण्यासाठी मी काय शिकू? (नागपूर)

त्रिमूर्तीनगर_गायिका
नमस्कार मंडळी. मी इथल्या एका शाळेत संगीत शिक्षिका आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आहे, घरी शिकवण्याही घेते. यंदा शाळेने पाचवी ते नववीच्या साठ मुलांचा गानवृंद माझ्याकडे सोपवलाय. जानेवारीत आंतरशालेय समूहगान स्पर्धा आहे.

ख्याल शिकवता येतो, पण साठ गळे एकत्र कसे बांधायचे हे मला कुणी शिकवलेलंच नाही. मुखडा मुलं पुटपुटतात आणि अंतऱ्याला ओरडतात. आठवीच्या मुलांचे आवाज फुटून राहिलेत, त्यांना कुठे उभं करावं कळत नाही. मी पेटीवर बसते, म्हणून हात मोकळे नसतात. गुरुवार उजाडेपर्यंत माझाच घसा बसलेला असतो.

पुढे काय करू? विशारदच्या पुढची अलंकार परीक्षा? ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांची पाश्चात्त्य संगीताची परीक्षा? की पुण्या-मुंबईची एखादी कार्यशाळा गाठू? खर्च पदरचा आहे आणि सुट्ट्या मोजक्या. हे काम ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

महालकर
मॅडम, अलंकारचा फॉर्म भरून टाका. नोकरीत शेवटी कागद विचारतात, शाळा बदलायची म्हटली तर आणखीच. बाकीचं शिकवता शिकवता जमतं.

काळी_चार
महालकर, कागदाचं तुमचं म्हणणं खरं आहे. अलंकार केलं तर ताईंचं स्वतःचं गाणं खोल होईल, ते जरूर करावं. पण ताईंनी जे विचारलंय ते त्या अभ्यासक्रमात नाही. ‘शिकवता शिकवता जमतं’ हे मला पटत नाही. ते जमेपर्यंत मुलांचे गळे आपल्या हाती असतात.

ताई, मी बरीच वर्षं धंतोली आणि सदर भागातल्या शाळांत मुलांचं समूहगान घेतेय. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ मला एकच वाटतं: पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर आपण सा धरतो ती. तुमची पट्टी काळी चार किंवा पाच असणार, बहुतेक बायकांची तीच असते. त्याच पट्टीत तुम्ही गाणं सांगता आणि मुलं मागे येतात. पण काळी चारचा षड्ज मुलांना फार खाली पडतो. मुखडा सा-रे-गमध्ये फिरत असेल तर तिथे त्यांचा आवाज लागतच नाही, म्हणून ती पुटपुटतात. अंतरा तार षड्जाकडे गेला की गळा मोकळा होतो, आणि छातीतला तोच जड आवाज ती जोर लावून वर ओढतात. त्याला आपण ओरडणं म्हणतो.

मुलांचा सोयीचा पल्ला साधारण पियानोच्या मिडल सीपासून, म्हणजे मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून, वरच्या सप्तकातल्या पांढरी दोन-तीनपर्यंत असतो. म्हणून आधी षड्ज ठरवू नका. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर वहीत लिहा आणि मग पट्टी काढा. गाणं सा ते तार ग असेल तर पांढरी एक. मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत असेल तर पांढरी दोन, पंचम थोडा खाली जाईल पण निभतं. ही पट्टी तुमच्या स्वतःच्या गळ्याला अडचणीची होईल. होऊ द्या. तुम्ही हळू आवाजात सांगा, गायचं मुलांना आहे.

सुरुवातीला पाच मिनिटं ‘ऊ’वर वरून खाली घसरणारा आवाज काढून घ्या, अगदी हलका. मुलांना डोक्यातला आवाज सापडतो तो असा. खालून वर चढवत नेलं की छातीचा आवाज सोबत येतो.

आठवीच्या मुलांबद्दल कळकळीने सांगते. त्यांना मागच्या रांगेत उभं करून ‘नुसते ओठ हलव’ कधीही म्हणू नका. असं ऐकलेली मुलं मोठेपणीही गात नाहीत, मी अशी माणसं पाहिलीत. साधारण बारा ते चौदाच्या दरम्यान आवाज उतरतो, आणि तो एका रात्रीत उतरत नाही. अमेरिकेत जॉन कुक्सी नावाच्या अभ्यासकाने त्याचे टप्पे मांडले आहेत. प्रत्येक टप्प्यात मुलाला चार-पाच स्वर तरी सहज लागतात. दर पंधरवड्याला प्रत्येकाला एकट्याला बोलावून ते कोणते ते ऐका. तेवढ्यातच बसेल असं त्यांना द्या: सा-पचा आधार, किंवा ध्रुवपदातली एक छोटी ओळ. शेजारी शेजारी उभे केले की ते एकमेकांना धरून गातात.

परीक्षांबद्दल एवढंच. पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नसेल तर एबीआरएसएमची थिअरी उपयोगाची आहे, ग्रेड पाचपर्यंत ती ऑनलाइन देता येते. नुसत्या थिअरीने मात्र हात चालत नाहीत.

मला विचाराल तर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली, रांगेत उभं राहून गाण्याइतकं शिक्षण कशातच नाही. समोरच्याच्या हातावरून श्वास कधी घ्यायचा हे कळतं का, शेजारचा गळा ऐकू येतो का, हे तिथे समजतं. आपल्याकडे त्यासाठी जागा आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना एकदा फक्त श्वासाकडे लक्ष देऊन ऐका. शंभर माणसं एका ओळीच्या शेवटी एकदम कशी थांबतात ते पाहा. कुणी हात हलवत नाही, तरी थांबतात.

सदरचा_टेनर
मी चर्चच्या क्वायरमध्ये गातो, चार आवाजांत. ताई, नोव्हेंबरमध्ये कॅरोलच्या तालमी सुरू होतात तेव्हा जवळच्या चर्चमध्ये विचारून येऊन बसा, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. अल्टोंसोबत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजासोबत बसा. सोप्रानोला, म्हणजे वरच्या आवाजाला धून मिळते, अल्टोला दुसऱ्याची धून कानावर पडत असताना आपली ओळ धरावी लागते. नोटेशनसाठी कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी आहे, १९९८ पासून. हजारो रचना फुकट मिळतात.

त्रिमूर्तीनगर_गायिका
काळी_चार ताई, आज गाणं पांढरी दोनमध्ये घेऊन पाहिलं. मुखडा पहिल्यांदाच मागच्या रांगेतून ऐकू आला! आता पेटीचं सांगा. पेटी सोडली की मुलं उतरतात. आणि दोन आवाजांत गाणं आमच्याकडून होईल का?

काळी_चार
वा, ताई! फार बरं वाटलं वाचून.

पेटी सोडली की मुलं उतरतात, कारण ती पेटीला धरून गात आलीत, एकमेकांना नाही. रोज दहा मिनिटं फक्त तानपुरा लावा, मोबाइलवरचा चालेल. कूलर तेवढा वेळ बंद ठेवा, त्या घरघरीत मुलंही जोर लावतात आणि तुम्हीही. तुमचा घसा बसण्याचं अर्धं कारण तेच असावं. मुलांना तोंड मिटून षड्ज गुणगुणायला सांगा आणि रांगांमधून चालत जा. प्रत्येकाजवळ दोन-तीन क्षण कान द्या. कोण उतरलंय, कोण शेजाऱ्याला झाकतंय, कुणाच्या मानेची शीर ताणलीय, हे पेटीमागे बसून कधीच कळत नाही. पक्क्या सुराच्या मुलाला दोन कच्च्यांच्या मध्ये उभं करा. स्पर्धेत पेटी नववीतल्या एखाद्या मुलीकडे द्या.

हाताचं मुख्य काम गाणं सुरू होण्याआधीचं. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच्या मात्रेला हात वर जातो आणि तेव्हाच तुम्ही स्वतः श्वास घेता. तो श्वास पाहून साठ मुलं श्वास घेतात. तुमचा श्वास घाईचा असेल तर सुरुवात घाईची होते. केरवा तालाच्या आठ मात्रा चार ठोक्यांत धरा: समेला हात खाली, मग आत, बाहेर आणि वर. डावा हात उजव्याची नक्कल करत असेल तर तो खाली ठेवा, आवाज लहान-मोठा करायचं दाखवायला तो लागतो. समोर खुर्चीवर मोबाइल ठेवून तालीम चित्रित करा आणि नंतर आवाज बंद करून बघा. लय आणि श्वास कळले तर हात बोलतोय.

दोन आवाज जरूर होतील. थेट हार्मनीकडे जाऊ नका, भूप रागापासून सुरू करा. सारेग, रेगप, गपध असा सरावाचा पलटा अर्ध्या मुलांना द्या. उरलेल्या अर्ध्यांनी तोच चार मात्रा उशिरा धरायचा. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच येत नाही आणि कोणतेही दोन स्वर एकत्र आले तरी बोचत नाहीत. हंगेरीत झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या पद्धतीतही मुलांची सुरुवात पाच स्वरांच्या लोकधुनांनीच होते. त्यांची स्वरांच्या हातखुणांची पद्धत मूळची इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांची, आणि तिच्यातला ‘दो’ हा पहिला स्वर आपल्या सासारखाच हवा तिथे सरकतो. सरगम येणाऱ्या शिक्षकाला ती चटकन जमते. हंगेरीतल्या केचकेमेटला कोदाय संस्था १९७५ पासून आहे, जगभरचे शिक्षक तिथे शिकायला जातात. तिथे जाणं सगळ्यांना शक्य नाही, पण हातखुणा उद्याच्या तासालाही सुरू करता येतात.

आणखी एक. तुमचा तास दुसऱ्या शिक्षकाने बघायला हवा. मुख्याध्यापक बघतात ते शिस्त बघतात, मी संगीतवाल्याबद्दल बोलतेय. आपल्याकडे हे होत नाही, प्रत्येक जण आपल्या वर्गात एकटा. तुमची परवानगी असेल तर मी येते. मागे बसेन, तास चालू असताना एक शब्द बोलणार नाही.

महालकर
काळी_चार ताई, हे पट्टीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेत सगळी गाणी काळी पाचमध्येच होतात, राज्यगीतसुद्धा. माझाही तास बघायला याल का?

त्रिमूर्तीनगर_गायिका
ताई, नक्की या. आमची तालीम शनिवारी प्रार्थनेनंतर असते, परवानगीचं मी उद्याच बोलते. महालकर सर, तुम्हीही या, मग पुढच्या शनिवारी आम्ही दोघी तुमच्याकडे येऊ. टेनर सर, कॅरोलच्या तालमीचा दिवस ठरला की इथेच टाका.

काळी_चार
चालेल. येताना गाण्याचा खालचा-वरचा स्वर दोघांनीही वहीत लिहून आणा, राज्यगीताचाही. आणि आठवीच्या मुलांना सुट्टी देऊ नका, त्यांना मला ऐकायचंय.