मदत हवी आहे: आई आणि मुलगा दोघंही एकाच दिशेला बघतायत!

पाहुणा_कलाकार

नमस्कार मंडळी,

हौशी शॉर्टफिल्म करतोय. आम्ही चार मित्र, एक उसना कॅमेरा, त्यावर १८-५५ मिमीची झूम किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) आणि आत्याचं स्वयंपाकघर. साडेचार मिनिटांचा प्रसंग आहे. आई आणि मुलगा टेबलाशी समोरासमोर बसलेत आणि नोकरी सोडल्याचं मुलगा आज सांगणार आहे. दोन रविवार शूट केलं. काल एडिटला बसलो आणि हातपाय गार पडले.

पहिल्या रविवारी कॅमेरा खिडकीच्या बाजूला होता. मास्टर (दोघं दिसतात असा अख्ख्या प्रसंगाचा शॉट) घेतला, मग आईचे क्लोज, म्हणजे नुसत्या चेहऱ्याचे शॉट. मास्टरमध्ये आई डावीकडे, मुलगा उजवीकडे. म्हणजे आईचा लूक, नजर, उजवीकडे, इथवर ठीक. दुसऱ्या रविवारी मुलाचे क्लोज घ्यायला गेलो तर आत्याने वर्षाचं धान्य भरलेलं! खिडकीपाशी गव्हाची पोती, ट्रायपॉडला जागाच नाही. मग कॅमेरा ओट्याच्या बाजूला लावला. मॉनिटरवर फ्रेम झकास दिसत होती. आता दोन्ही क्लोज एकापुढे एक ठेवले की मुलगाही उजवीकडेच बघतो. मायलेक बोलत नसून दोघं मिळून दाराशी आलेल्या तिसऱ्याच कुणाकडे बघतायत असं वाटतं.

त्यात भर म्हणजे आईचं काम करणाऱ्या मावशी त्या दिवशी लवकर गेल्या, त्यांच्याकडे पाच वाजता पाणी येतं. पुढचा क्यू, म्हणजे मुलासमोर आईची वाक्यं, आमच्या साउंडवाल्याने उभ्या उभ्या दिला.

दोन प्रश्न आहेत. हे पुन्हा शूट न करता वाचेल का? आणि पुढच्या रविवारी पडवीतला सीन आहे, झोपाळ्यावर आजी आणि नात, समोर खुर्चीत काका. दोघांत ही गत, तर तिघांचं काय करू?

कात्रीवाली

लाइन क्रॉस झाली तुमची. दोन माणसं एकमेकांकडे बघतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांमधून एक दोरी ताणली आहे असं समजा. कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला ठेवायचा, त्या बाजूच्या १८० अंशांत कुठेही फिरा. पलीकडे गेलात की डाव्याचा उजवा होतो. टेबल, खिडकी, पोती यांचा या दोरीशी संबंध नाही, ती नजरांची असते.

आता टाइमलाइनबद्दल. मुलाचे क्लोज आडवे फ्लिप करून बघा. लूक डावीकडे होईल. पण आधी सांगा: त्याचा भांग कुठल्या बाजूला आहे, शर्टाला खिसा आहे का, घड्याळ दिसतं का, आणि मागे काही अक्षरं आहेत का?

पाहुणा_कलाकार

भांग नाही, केस बारीक आहेत. टीशर्ट आहे, खिसा नाही. घड्याळ फक्त चहाचा कप उचलतो तेव्हा दिसतं. पण मागे कॅलेंडर आहे. आणि मावशी जायच्या आधी घेतलेल्या दोन सजेशनमध्ये (त्यांच्या खांद्यावरून मुलाला घेतलेले शॉट) त्यांचा खांदा दिसतो.

कात्रीवाली

सजेशन फ्लिप करू नका. पदर डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जाईल. पारशी किंवा गुजराती घरातली गोष्ट असती तर चाललं असतं एक वेळ. तुमच्या पुढच्या शॉटमध्ये पदर परत डावीकडे येणार आणि ते घरात बसून बघणाऱ्या प्रत्येक बाईच्या लक्षात येणार.

नुसते क्लोज फ्लिप करा. शूट फोरकेमध्ये असेल आणि फिल्म फुल एचडीत काढणार असाल तर ३८४० पिक्सेल रुंदीतून १९२० हवेत, म्हणजे दुपटीपर्यंत आत जाता येतं. कॅलेंडर फ्रेमबाहेर जाईपर्यंत क्रॉप करा. कप उचलतानाचा तुकडा वापरू नका, त्या जागी आईचं ऐकणं ठेवा. तसंही वाईट बातमीत सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा बघायला जास्त आवडतं.

एक गोष्ट फ्लिपने जाणार नाही. खिडकीचा उजेड आईच्या चेहऱ्याच्या तुमच्याकडच्या बाजूवर आहे. मुलाला ओट्याकडून घेतलंय, म्हणजे त्याची कॅमेऱ्याजवळची बाजू अंधारात. फ्लिप केलं तरी ती अंधारातच. नोकरी सोडलेल्या मुलाला शोभेल ते, थोडं ग्रेडमध्ये (एडिटनंतर रंग-उजेड जुळवताना) उचला आणि सोडून द्या.

तिसरी_घंटा

मी नाटकवाला. मला हे असं समजलं: प्रेक्षागृह एका बाजूला असतं. प्रेक्षकाने पहिल्या रांगेतून बघावं, कोपऱ्यातून बघावं, पण उठून पडद्यामागे जाऊन बघू नये. मालिकांच्या सेटला तीनच भिंती असतात आणि सगळे कॅमेरे चौथीच्या जागी, म्हणून त्यांची लाइन सहसा चुकत नाही. खऱ्या घरात चारही भिंती असतात, तिथेच माणूस फसतो.

पण मला साउंडवाल्याची जास्त काळजी वाटते. तो उभा होता म्हणालात. मुलगा वर बघतोय का?

पाहुणा_कलाकार

आत्ता बघितलं. हो. आईशी बोलतोय की पंख्याशी, कळत नाही. 🤦

तिसरी_घंटा

मग ते क्लोज फ्लिप करूनही उपयोग नाही. क्यू देणाऱ्याने मूळ नटाच्या जागी, त्याच्याच उंचीवर बसायचं असतं. जागा नसेल तर लेन्सच्या शेजारी, समोरचा ज्या बाजूला आहे त्या बाजूला, एका स्टँडवर रंगीत टेपचा तुकडा चिकटवायचा आणि नटाला सांगायचं, ही तुझी आई. मावशी बसल्यावर डोळे जमिनीपासून किती उंच येतात ते टेपने मोजून ठेवा. लेन्सच्या जितकं जवळ तितका लूक जिव्हाळ्याचा, लांब गेला की माणूस परका वाटतो. दोघांचा लूक लेन्सपासून सारख्याच अंतरावर हवा.

नियमभंग

एवढं काय बाऊ करताय! जपानचा दिग्दर्शक यासुजिरो ओझू याने आयुष्यभर ही लाइन ओलांडली. प्रेक्षक हुशार असतो.

कात्रीवाली

ओझूची पात्रं जवळजवळ लेन्समध्येच बघतात, कॅमेरा खाली, बहुतेक वेळा ५०ची लेन्स, आणि समोरासमोरच्या दोन शॉट्समध्ये माणसाचा आकार बरोब्बर सारखा. एवढी शिस्त असेल तर ओलांडा खुशाल. इथे गव्हाच्या पोत्यांमुळे ओलांडली आहे.

पाहुणे, यावरून आठवलं, झूमची किट लेन्स म्हणालात. पहिल्या रविवारी किती मिमीवर होतात?

पाहुणा_कलाकार

अंदाजे ५०? दुसऱ्या रविवारी ३५ असेल. जागा कमी होती.

कात्रीवाली

बघा. ३५ने तेवढाच क्लोज घ्यायला तुम्ही जवळ गेलात, त्यामुळे मुलाचं नाक मोठं आणि मागची भिंत लांब. आईच्या बाजूला भिंत चिकटलेली. प्रेक्षकाला हे सांगता येणार नाही, पण दोघं वेगवेगळ्या घरांत बसल्यासारखी वाटतील.

माझा सल्ला, पॅचवर्कला, म्हणजे अडलेले शॉट नव्याने घ्यायला, अर्धा दिवस काढा. पोती हलवता येत नसतील तर ओट्याकडूनच घ्या, पण लाइन उघड्यावर बदला. बोलणं चालू असताना आई उठते, टेबलाला वळसा घालून गॅसपाशी जाते, दूध उतू जाण्याआधी बंद करते, तिथूनच वळून मुलाकडे बघते. हे सगळं एका शॉटमध्ये, कट न करता. तिचं चालणं प्रेक्षकाने डोळ्यांनी बघितलं की दोरी तिच्यासोबत सरकते आणि त्यापुढे ओट्याची बाजू तुमची. मुलगाही आता वर बघणार, कारण आई उभी आहे. साउंडवाल्याच्या उंचीवर चढवलेला तो लूक वाया जाणार नाही! फक्त आई गॅसपाशी अशी उभी करा की फ्रेमच्या हिशोबाने ती त्याच्या उजवीकडे येईल, मग फ्लिपही नको. कॅलेंडर राहू दे.

पाहुणा_कलाकार

ताई, पाया पडतो. हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि झोपाळा?

कडीपाट

झोपाळ्याचं मी सांगतो, आमच्या कोकणातल्या घरी शूट केलंय. तिघांत तीन दोऱ्या असतात: आजी-नात, आजी-काका, नात-काका. तिन्ही एकदम सांभाळायला जाऊ नका. पडवीच्या अंगणाकडच्या कोपऱ्यात उभे राहा, जिथून झोपाळा एका हाताला आणि खुर्ची दुसऱ्या हाताला दिसते. तिघांच्या मध्ये घुसू नका. त्या कोपऱ्यातून आजी आणि नात कायम एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. आजी नातीकडे वळून कुजबुजते तेवढ्यापुरती दोरी फळीच्या लांबीने जाते, तिथे दोघींचा टू-शॉट (दोघी एकाच फ्रेममध्ये) ठेवा, क्लोज नको.

खरी डोकेदुखी झोका. पुढेमागे जाताना क्लोजमध्ये फोकस जातो आणि कट केला की आजी पुढे, नात मागे, एकाच फळीवर! क्लोजच्या वेळी एकाने खाली बसून फळी धरायची आणि आजीने नुसतं अंग हलवायचं. वाइडमध्ये मात्र खरा झोका घ्या. कड्यांची करकर शेवटी वेगळी दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि सगळ्या सीनखाली एकसलग टाका, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटतो. कड्यांना तेल घालायला कुणी पुढे आलं तर हात धरा त्याचा.

आणि वहीत प्रत्येक शॉटला चार गोष्टी लिहा: लेन्स किती मिमीवर, माणसापासून अंतर, कॅमेऱ्याची उंची, लूक डावा की उजवा. झूमच्या रिंगवर टेपची खूण करा.

पाहुणा_कलाकार

वही आणली. पहिल्या पानावर पडवीचा नकाशा काढून झोपाळा, खुर्ची आणि कॅमेऱ्याचा कोपरा दाखवलाय, दोरीच्या पलीकडच्या बाजूवर काट. मावशींशी बोललो, पॅचवर्कला दुपारी येतायत. पाणी भरायला मुलाला घरी बसवणार आहेत. दूध मात्र दोन लिटर आणा म्हणाल्या, पहिल्याच टेकला उतू जाणार.