तंबूत मुलं, सोबत बंदूक: रात्री ठेवायची कुठे?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही दोघं, आठ आणि पाच वर्षांची मुलं, अस्वलांच्या जंगलात तीन रात्री तंबूत. बंदूक परवान्याची आहे, तिथे नेण्याची मुभाही आहे. तेव्हा प्रश्न कायद्याचा नाही.

दिवसा कमरेला होल्स्टरमध्ये, ते ठीक. पण रात्री? कुलपाच्या पेटीत ठेवली तर अंधारात किल्ली चाचपडत बसायचं. उशाशी ठेवली तर धाकटा! परवा टॉर्चसाठी त्याने माझी अख्खी सॅक उपसली. शिवाय कापडापलीकडे नवरा आहे की अस्वल, हे झोपेतून उठल्याउठल्या मला कळेल? खरं सांगते, अस्वलापेक्षा मला याचीच धास्ती जास्त.

अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांच्या अभ्यासात बेअर स्प्रेने (अस्वलावर मारायचा तिखट मिरचीचा फवारा) तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखलं होतं. नवरा म्हणतो, वारा उलटा असला तर आपणच डोळे चोळत बसू. तेही खरंच. खाणं तंबूपासून शंभर मीटर लांब ठेवणार आहोतच.

मुलांना घेऊन राहिलेल्यांनी सांगा: बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी गारठलेल्या, ओल्या हातांनी उघडते का? की बंदूक घरीच ठेवून स्प्रेचे दोन डबे न्यावेत?