बीपीचं ब्लूटूथवालं यंत्र घ्यावं का? माहिती बाहेर जाणार नाही असं सुचवा

साखरझोप: सासऱ्यांचं बीपी रोज सकाळ-संध्याकाळ मोजून डॉक्टरांना दाखवायचंय. कमीत कमी खर्चातलं हवं, महिन्याचं शुल्क अजिबात नको. अट एकच: आजारपणाची खबर नातेवाइकांना लागायला नको आणि कुठल्या कंपनीकडेही जायला नको. या बाबतीत ते फार हळवे आहेत. काय घेऊ?

तुरटी: सरळ ईसीजीवालं स्मार्टवॉच घ्या. मी वापरतो, झोपसुद्धा मोजतं. महाग आहे, पण तब्येतीपुढे पैसा काय!

जुनं_खोड: बजेट वाचलंत का? आणि ईसीजी काढलं म्हणून बीपी कळत नाही. दंडाला पट्टा बांधायचं साधं यंत्र, वही आणि पेन. वही हॅक होत नाही.

पिंपळपान: हॅक होत नाही, पण टीपॉयवर पडलेली असते आणि आला-गेला चाळतो. आमच्याकडे हेच झालं.

डबल_ढोलकी: जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा (सायबर सुरक्षा पाहणारी सरकारी संस्था) आणि एफडीए (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी संस्था) यांनी काँटेक कंपनीच्या सीएमएस८००० या पेशंट मॉनिटरबद्दल इशारा दिला होता. नेटला जोडला की पेशंटची माहिती परस्पर एका ठरलेल्या आयपी पत्त्यावर, म्हणजे नेटवरच्या दुसऱ्याच कॉम्प्युटरकडे, जायची. वायफायवालं काही घेऊच नका.

तुरटी: मग अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनींचंही सांगा की. त्यांच्या छातीत हृदयासाठी बसवलेल्या यंत्राचं वायरलेस २००७ मध्येच बंद करून घेतलं होतं.

जुनं_खोड: ते कुणी यंत्र हॅक करून जीव घेईल या भीतीनं, गुपित राखायला नव्हे. अवांतर आवरा.

रात्रपाळी: वॉर्डात काम करते म्हणून सांगते. ब्लूटूथनं आकडे फोनपर्यंत येतात, तिथून पुढे अ‍ॅप ते कुठे पाठवतं हे बघा. खातं न उघडता चालतं का, क्लाउड सिंक (आकडे आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर जाणं) बंद होतं का, हे घेण्याआधीच विचारा. नावाच्या जागी काहीही टाका. कॉन्टॅक्ट्सची परवानगी नको. जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथ जोडताना लोकेशन मागतात, जोडून झालं की काढून घ्या. लॉक स्क्रीनवरच्या सूचना बंद. यंत्र कुणाला देताना आतली मेमरी पुसायची. आणि खरं सांगू? हॅकरपेक्षा फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमधूनच जास्त फुटतं.

पिंपळपान: मेमरीला +१. भाड्यानं आणलेल्या स्लीप अ‍ॅप्नियाच्या (झोपेत श्वास अडण्याच्या त्रासाच्या) यंत्रातल्या कार्डात आधीच्या पेशंटच्या रात्रीच्या नोंदी तशाच होत्या, नावासकट. पुरवठादाराला फोन केला तर म्हणे, "तुम्ही बघू नका ना!"

डबल_ढोलकी: म्हणूनच म्हटलं, वायफाय नको.

पिंपळपान: अहो, कार्डात होत्या. वायफायचा काय संबंध?

जुनं_खोड: मी पहिल्यापासून वही म्हणतोय.

साखरझोप: सगळ्यांचे आभार. ब्लूटूथवालंच घेतलं. सासऱ्यांनाच विचारलं तर म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझ्या फोनवर टाक." खातं न उघडता चालणारं अ‍ॅप मिळालं. फोनचा पिन त्यांनी बदललाय, मलाही सांगत नाहीत. डॉक्टरांना स्वतःच दाखवणार आहेत.

तुरटी: घड्याळात झोपही कळली असती.