हंगामी वसतिगृहातील मुलींसाठी गावाची देखरेख: मोबाईलचा उपयोग कसा करावा?

प्रश्न: शाळा व्यवस्थापन समिती सदस्या, बीड जिल्हा

नमस्कार. आमच्या गावातील बरीच कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. या काळात मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावात हंगामी वसतिगृह चालते आणि त्याची जबाबदारी आमच्या समितीकडे आहे. मुलगे आजीआजोबांकडे राहून वसतिगृहात जेवतात, शाळेत जातात. सहावी-सातवीतील मुली मात्र कोयत्याबरोबर, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आईवडिलांच्या जोडीबरोबर जातात. उसाच्या फडावर धाकटी भावंडे सांभाळायला आणि भाकरी थापायला कोणीतरी लागते हे एक कारण झाले, परंतु आया बोलून दाखवतात ते कारण निराळे असते: "वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची?"

गावातील काही तरुणांनी असे सुचवले आहे की एक ॲप तयार करावे, त्यात मुलींचा रोज फोटो काढून हजेरी भरावी आणि ती सर्वांना दिसावी. समितीतील आम्हा महिलांपैकी बहुतेकींकडे साधा बटणांचा फोन आहे. देखरेख तर हवी आहे. पण ती कोणी करावी, कशाची करावी आणि फडावरच्या आईपर्यंत ती कशी पोहोचवावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1: स्वयंसेवी संस्थेतील कार्यकर्ती, मराठवाडा

ताई, आपण ॲपच्या आधी आईच्या भरवशाचा प्रश्न मांडलात, तोच धागा धरून पुढे जाऊ. देखरेख वसतिगृहाची व्हायला हवी, मुलीची नव्हे. मुलगी कोठे गेली, कोणाशी बोलली, हे फोनवर नोंदवू लागलात तर दोन महिन्यांत तिला घरी बसवण्याचे ते निमित्त होईल. उलट आज संध्याकाळी जेवण मिळाले का, रात्री मुलींच्या सोबतीला नेमलेली बाई हजर होती का, स्वच्छतागृहात पाणी होते का आणि शाळेत शिक्षक आले का, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली तर आईला हवे ते बहुतेक सारे कळते. प्रश्न इतकेच ठेवावेत आणि प्रत्येकाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे असावे.

ही उत्तरे कोण देणार, हेही आत्ताच ठरवायला हवे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात, परंतु फोनवर आधारलेले काम सुरू झाले की ते नकळत स्मार्टफोन असलेल्या पुरुषांच्या हाती जाते. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी 43.7 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींमध्ये हे प्रमाण 19.8 टक्के होते. ॲप केलेत तर मुलींविषयीची माहिती भरणारे आणि वाचणारे बहुतांशी पुरुषच असतील, हे यावरून दिसते.

म्हणून आवाजी फोन वापरा. समितीतील दोन महिलांनी आठवड्यातून दोनदा, दिवस आधी न सांगता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी वसतिगृहात जावे, मुलींशी बोलावे आणि तेथूनच ठरलेल्या पालकांना फोन लावावा. आईने मुलीचा आवाज ऐकला की निम्मे काम होते. फडावरच्या कोपीत (झोपडीत) वीज नसते, फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होतो आणि दिवसभर तो नवऱ्याच्या किंवा मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या खिशात असतो. त्यामुळे कोणत्या कुटुंबाला किती वाजता फोन लागतो, याची यादी गाव सोडण्यापूर्वी, स्थलांतरित मुलांना दुसरीकडच्या शाळेत प्रवेशासाठी मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डाची चौकशी होते त्याच वेळी करून ठेवावी. छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वर' या फोनवरील आवाजी बातमीसेवेने 2010 पासून मिस्ड कॉल आणि ध्वनिमुद्रित संदेश यांच्या आधारे गोंडी बोलणाऱ्या गावांच्या तक्रारी पुढे आणल्या. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती पद्धत वापरता आली, हे आपल्याला उपयोगी आहे.

प्रतिसाद 2: आरोग्य हक्क कार्यकर्ता, पुणे जिल्हा

महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख 2007 मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्या कामाचा अनुभव येथे लागू पडतो. गावकरी प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत असत आणि तो तक्ता सर्वांना दिसेल असा लावला जाई. पण तक्ता लावल्याने औषधे येत नाहीत. ती येऊ लागली तेथे कारण असे होते की जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकारी लोकांसमोर बसत, लाल रंगाविषयी त्यांना विचारले जाई आणि पुढच्या बैठकीत त्याच मुद्द्यावरून सुरुवात होई.

उदयपूर जिल्ह्यात 'सेवा मंदिर' संस्थेच्या एकशिक्षकी शाळांमध्ये 2003 पासून झालेला कॅमेऱ्याचा प्रयोगही पाहण्यासारखा आहे. शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसह शिक्षकाचा तारीख-वेळ उमटलेला फोटो घेतला जाई. शिक्षकांची गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आली. मात्र तेथे शिक्षकाचे मानधन त्या फोटोंवरून मोजलेल्या दिवसांवर ठरत असे. फोटोला परिणाम जोडलेला होता, म्हणून तो उपयोगी पडला. आपल्याकडे शेकडो फोटो व्हॉट्सॲप समूहावर टाकले जातात आणि 'छान' म्हणून अंगठा दाखवला की विषय संपतो, याचे मला फार वाईट वाटते. सलग दोन वेळा 'नाही' आले की परिसरातील शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना कोण कळवणार आणि तेथून आठ दिवसांत उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कोण देणार, ही नावे ठरवून समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. फोन सुरू करण्याआधी हे झाले पाहिजे.

प्रतिसाद 3: जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका

वरील सूचना योग्य आहेत. एका मुद्द्याकडे लक्ष वेधते. देखरेखीच्या चार प्रश्नांत पाचवा घालावा: वसतिगृहाचा निधी आणि शिधा वेळेवर पोहोचला का? पैसा उशिरा आला की स्वयंपाक करणारी बाई किराणा उधारीवर आणते, भाजी पातळ होते आणि लोकांचा राग त्या बाईवर किंवा मुख्याध्यापकांवर निघतो. गावाने खालच्या माणसाला जाब विचारावा तसा वरच्या टेबलालाही विचारावा. शिवाय आम्ही शिक्षक आधीच अनेक ऑनलाईन नोंदी भरतो. हीही नोंद आमच्याकडून भरून घेतली तर ती गावाची देखरेख राहणार नाही.

प्रतिसाद 4: वकील, बालहक्क विषयात काम

मुलींचे रोज फोटो काढून सर्वांना दाखवण्याची सूचना कृपया स्वीकारू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक धरली आहे. त्याहून व्यवहारातला धोका मोठा आहे. आईवडील सहा महिने गावाबाहेर आहेत अशा मुलींची नावे, चेहरे आणि ठिकाण एकत्र असलेली यादी फोनोफोनी फिरणे कोणालाच परवडणारे नाही. समूहावर फक्त आकडे द्यावेत: इतक्यांपैकी इतक्या मुली हजर. नावांची वही समितीच्या कपाटात राहू द्यावी.

एखादी मुलगी अचानक येईनाशी झाली आणि लग्न ठरल्याची कुणकुण लागली, तर ते समूहावर मुळीच लिहू नये. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) जबाबदारी असते, त्यांना थेट कळवावे किंवा 1098 या बालमदत क्रमांकावर फोन करावा. लैंगिक त्रासाची शंका आल्यास समितीने स्वतः चौकशी करत न बसता पोलिसांना कळवावे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने तसे कळवणे बंधनकारक आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. ॲपचा विचार आम्ही बाजूला ठेवत आहोत. पाच प्रश्न, आठवड्यातून दोन भेटी आणि पालकांच्या वेळांची यादी, एवढ्यावर पुढच्या बैठकीत ठराव घेऊ. एकच अडचण उरते: भेट देणाऱ्या महिलांच्या फोनचा रिचार्ज कोणी करायचा? त्या स्वतः मजुरीवर जातात, त्यांच्या पदरचे पैसे घालायला लावणे मला पटत नाही.

प्रतिसाद 5: माजी सरपंच, अहिल्यानगर जिल्हा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिच्यात दोन फोन आणि हंगामभराच्या रिचार्जची मागणी लेखी मांडा आणि ती ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. फोन समितीच्या नावे घ्यावेत, म्हणजे सदस्य बदलल्या तरी पालकांकडचे नंबर तेच राहतील. लोक गाव सोडायच्या आधीची ग्रामसभा मात्र चुकवू नका. ज्यांच्या मुलींसाठी हे चालले आहे ते आईवडील त्यानंतर हात वर करायला गावात नसतात.