४×५ साठी स्वस्त शीट फिल्म : फोमापॅन १०० घ्यावी की एक्स-रे फिल्म कापावी?

काळीचादर :
४×५ इंची फील्ड कॅमेरा (एकेक सुटी शीट घालायचा), लेन्स १५० मिमी. इलफर्ड-कोडॅकची शीट शिकाऊ माणसाला परवडत नाही, प्रत्येक वेळी शटर दाबताना हात आखडतो. दोन पर्याय समोर आहेत : फोमापॅन १०० चा ५० शीटचा डबा, नाहीतर ८×१० इंची एक्स-रे फिल्म आणून तिचे चार तुकडे करायचे. विषय म्हणजे जुन्या वाड्यांचे अंतर्भाग (जिने, माजघर, देवघर) आणि कोकणातली जांभ्याची घरं. डेव्हलपर रोडिनल, काम ट्रेमध्ये, नळाचं पाणी सध्या २८ अंशांच्या आसपास.

फोमा खरोखर १०० या संवेदनशीलतेला (आयएसओ) चालते का? एक्स-रे फिल्म या विषयांना कितपत झेपेल? आणि डबा फोडल्यावर पहिली शीट कशावर खर्च करावी?

हायपो :
वाड्यांसाठी फोमाच घ्या, पण डब्यावरचा १०० हा आकडा विसरा. रोडिनलमध्ये ती ४०-५० ची फिल्म आहे. १०० ला मोजलीत तर उजेडातला भाग ठीक येईल, पण तुळईखालची सावली निगेटिव्हवर कोरी काच निघेल. उजेड मोजायचं मीटर ५० ला लावा.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. लांब एक्सपोजरला फोमा फार लवकर सुस्तावते. अर्ध्या सेकंदापर्यंत काही करावं लागत नाही. कंपनीच्याच तक्त्यानुसार १ सेकंदाला दुप्पट द्यायचं, १० सेकंदांना आठपट (म्हणजे ८० सेकंद) आणि १०० सेकंदांना सोळापट. मधले आकडे अंदाजाने भरता येतात : २ सेकंदांचे साधारण ६, ४ चे १८. माजघरात एफ २२ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) तुम्ही याच पट्ट्यात असणार.

इथे हमखास होणारा घोटाळा हिशेबाच्या क्रमाचा. समजा देवघरातली समई जवळून घेताय आणि बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घडीचा भाता) २१० मिमीपर्यंत ताणलाय. २१० भागिले १५०, त्याचा वर्ग, जवळजवळ २. मीटर ४ सेकंद म्हणत असेल तर आधी बेलोजचे दुप्पट करून ८ करा, मग तक्ता लावा : ८ चे साधारण ५५ सेकंद होतात. उलट केलंत, म्हणजे ४ चे १८ आणि मग दुप्पट, तर ३६ वरच थांबाल आणि समईची बैठक अंधारात जाईल. फिल्मवर प्रत्यक्ष पडणारा उजेड कमी झालाय, म्हणून बेलोजची दुरुस्ती आधी.

डेव्हलपिंग : रोडिनल १+५० (एक भाग रोडिनल, पन्नास भाग पाणी), २० अंशांना ८ ते ९ मिनिटं. २८ अंशांना करू नका, वेळ इतका कमी होतो की शीट एकसारखी डेव्हलप होत नाही, शिवाय फोमाचं इमल्शन (उजेड टिपणारा थर) ओलं असताना मऊ असतं, नखाचा ओरखडाही पडतो. डेव्हलपरच्या ट्रेखाली मोठी परात ठेवून तिच्यात पिशवीबंद बर्फ टाका (बर्फ डेव्हलपरमध्ये नको, प्रमाण बिघडतं). २४ वर आणता आलं तरी चालेल, तेव्हा ९ मिनिटांची सव्वासहा होतात. स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं सौम्य आम्ल), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणी त्याच तापमानाच्या आसपास ठेवा.

आधी दोन मिनिटं साध्या पाण्यात भिजवा. पाणी हिरवट-निळसर होईल. तो मागच्या थराचा रंग आहे, फिल्म खराब नाही.

लालदिवा :
एक्स-रेबद्दल मी लिहितो. सुरुवात दुकानापासून करू, कारण पैसे तिथेच बुडतात. हल्ली रेडिओलॉजीवाल्यांकडे खपते ती बहुतेक ‘ड्राय’ फिल्म, प्रिंटरमध्ये उष्णतेने उमटणारी. ती कॅमेऱ्याच्या काहीही कामाची नाही. मागताना ‘मॅन्युअल डेव्हलपिंगची, ग्रीन सेन्सिटिव्ह’ असंच म्हणा आणि मुदत बघा. ब्लू सेन्सिटिव्ह स्वस्त मिळाली तरी पिवळं तिला दिसतच नाही.

ग्रीन सेन्सिटिव्ह फिल्म लाल रंगाला आंधळी. मग जांभा? काळाठिक्कर. चिऱ्याची भिंत आणि तिच्यावरची सावली एकाच रंगात जातात, चिऱ्यांच्या सांध्यातला चुना तेवढा पांढरा उठतो. हेच हवं असेल तर उत्तम, नाहीतर कोकणातल्या घरांसाठी ही फिल्म नकोच. कुंकू, ओठ, लाल काठ काळे होतात, आकाश धुऊन पांढरं होतं. पिवळा फिल्टर चालतो, लाल लावलात तर काहीच येणार नाही. उन्हात ८० ला मोजा. संध्याकाळी किंवा पिवळ्या बल्बखाली तीच फिल्म एक-दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) मंद होते, आणि मीटरला ते कळत नाही.

फायदा एकच, पण मोठा : लाल दिव्यात काम करता येतं. कापणं, होल्डरमध्ये (कॅमेऱ्यात फिल्म धरणाऱ्या चौकटीत) भरणं, ट्रेमध्ये निगेटिव्ह चढताना बघणं, सगळं. लाल एलईडी खात्रीचा नसेल तर एका तुकड्यावर नाणं ठेवून दहा मिनिटं उघडा ठेवा आणि डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा बदला.

कापताना १०० × १२५ मिमी माप धरा. ८×१० चे बरोबर चार तुकडे केलेत तर ते होल्डरच्या खाचेत अडकतात, कारण ४×५ शीट प्रत्यक्षात ४×५ इंचांपेक्षा थोडी लहान असते. कोपरे किंचित गोल करा.

इमल्शन दोन्ही बाजूंना असतं, म्हणून ट्रेच्या तळाशी घासलं की खालची बाजू गेली. तळाला काच घाला, एका वेळी एकच शीट, बोटं फक्त कडांना. रोडिनल १+१००, २० अंश, ६ ते ८ मिनिटं, ट्रेचा एकेक कोपरा हलकेच उचलत. याहून दाट द्रावणात कॉन्ट्रास्ट हाताबाहेर जातो. मात्र मूळ रोडिनल शीटमागे निदान ५ मिलि पडलं पाहिजे, म्हणजे अर्धा लिटर द्रावण. दोन बाजूंना दुप्पट चांदी आहे, थोड्या द्रावणात डेव्हलपर अर्ध्यातच दमतो.

खिडकीभोवती उजेडाचं वलय येईल. मागे ते शोषणारा थर नसतो, त्याला इलाज नाही.

चौकट :
दोघांशी सहमत, एक भर. फोमाला कडक स्टॉप बाथ देऊ नका. रोडिनलसारख्या तीव्र अल्कलीच्या डेव्हलपरमधून थेट तीव्र आम्लात गेली की इमल्शनमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पडू शकतात. साध्या पाण्याच्या दोन धुण्यांत भागतं. किंवा डेव्हलपरच बदला. डी-२३ घरी होतो : ७५० मिलि कोमट पाण्यात मेटॉल ७.५ ग्रॅम, ते विरघळल्यावर सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, मग पाणी घालून एक लिटर. मेटॉलआधी चिमूटभर सल्फाइट टाका. त्यात तीव्र अल्कली नाही, म्हणून ती भीती कमी, आणि वाड्याच्या खिडक्याही रोडिनलपेक्षा आटोक्यात राहतात. २० अंशांना ८ मिनिटांपासून सुरुवात करून बघा.

हायपो :
पहिल्या शीटचं राहिलं. घोंगडी किंवा तसंच खरबरीत गडद कापड मोकळ्या सावलीत टांगा, फोकस नीट करा. कॅमेरा निदान दोन मीटर लांब, म्हणजे बेलोजचा फरक पाव स्टॉपच्या आत राहतो. मीटर २०० ला लावून फक्त घोंगडी मोजा आणि तीन स्टॉप बंद करा. एफ ८ ला १/६० आलं तर एफ २२ ला १/६०.

डार्क स्लाइड (होल्डरमधली फिल्म झाकणारी सरकती पाटी) पूर्ण काढून १/६० द्या. पाव भाग आत सरकवून पुन्हा १/६०. अर्धी सरकवून १/३०. पाऊण सरकवून १/१५. एकाच शीटवर २००, १००, ५० आणि २५ अशा चार पट्ट्या मिळतात, सर्वांत कमी उजेडाची स्लाइडच्या दांड्याच्या बाजूला. ज्या पट्टीत लोकरीचा पोत पहिल्यांदा दिसेल तो तुमचा आकडा. स्लाइड सरकवताना कॅमेरा हलतो, त्यामुळे ट्रायपॉडच्या सगळ्या कळा आवळा.

काळीचादर :
फोमा आणली, पट्ट्या काढल्या. २०० आणि १०० कोरे, ५० ला पोत दिसतोय. पण निगेटिव्हवर बारीक पारदर्शक ठिपके आहेत. स्टॉप बाथ दिला नव्हता, पाणीच होतं. ही तीच भोकं का?

चौकट :
भिंगातून आकार बघा. वेडावाकडा किंवा केसासारखा, कडा धारदार : होल्डरमधली धूळ, तिच्याखाली उजेड पोचलाच नाही. गोल आणि कडेला फिकट होत जाणारा : डेव्हलपरमध्ये चिकटलेला हवेचा बुडबुडा. भिजवताना शीट पाण्याखाली एकदा उलटून घेतली की तो सुटतो. इमल्शनचं भोक असेल तर निगेटिव्ह तिरपं धरल्यावर चकाकणाऱ्या पृष्ठभागावर खड्डा दिसतो.

काळीचादर :
वेडेवाकडे आहेत. खड्डा नाही.

हायपो :
मग धूळच. होल्डर उघडून खाचा मऊ ब्रशने झाडा, डार्क स्लाइड दोन्ही बाजूंनी पुसा. फिल्म भरण्याआधी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ बसू द्या, हवेतली धूळ खाली बसते. जमीन ओली चालेल, हात मात्र कोरडेच हवेत. आणि फोटो घेताना स्लाइड झटक्याने ओढू नका, घर्षणाने वीज साठते आणि होल्डरच्या तोंडाशी असलेली धूळ थेट फिल्मवर जाऊन बसते.