जावा वेब ॲप्लिकेशनमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला स्वतंत्र क्रमांक कसा द्यावा?

प्रश्न
आमचे ॲप्लिकेशन टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालते. अनेक रिक्वेस्ट एकाच वेळी हाताळल्या जात असल्यामुळे लॉगमधील ओळी एकमेकींत मिसळतात आणि तक्रार आली की नेमक्या कोणत्या ओळी त्या रिक्वेस्टच्या, हे ठरवता येत नाही. थ्रेडचे (रिक्वेस्टचे काम चालवणाऱ्या धाग्याचे) नाव छापून भागत नाही, कारण तोच थ्रेड लगेच दुसऱ्या रिक्वेस्टला मिळतो. प्रत्येक मेथडला क्रमांक पॅरामीटर म्हणून देण्याची इच्छा नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १
क्रमांक सर्व्हलेट फिल्टरमध्ये (रिक्वेस्ट मुख्य कोडकडे जाण्याआधी चालणाऱ्या कोडमध्ये), तोही साखळीतील अगदी पहिल्या फिल्टरमध्ये तयार करावा. अन्यथा लॉगिन तपासणाऱ्या फिल्टरने नाकारलेल्या रिक्वेस्ट क्रमांकाविना राहतात, आणि चौकशी बहुधा त्यांचीच करावी लागते. तो एसएलएफ४जे या लॉगिंग लायब्ररीच्या एमडीसीमध्ये (थ्रेडपुरत्या नोंदी ठेवण्याच्या जागेत) ठेवला आणि लॉग प्रत्यक्ष लिहिणाऱ्या लॉगबॅकच्या पॅटर्नमध्ये त्याचा एकदा उल्लेख केला, की प्रत्येक ओळीत आपोआप उमटतो. मात्र एमडीसीतील नोंद थ्रेडला चिकटलेली असते, म्हणून ती फायनली ब्लॉकमध्ये (त्रुटी आली तरी शेवटी चालणाऱ्या भागात) काढलीच पाहिजे. क्रमांक नसलेल्या ओळीपेक्षा आधीच्या रिक्वेस्टचा क्रमांक मिरवणारी ओळ अधिक दिशाभूल करते.

क्रमांकासाठी रँडम यूयूआयडी (१२८ बिटांचा प्रमाणित ओळख-क्रमांक) पुरेसा आहे. त्यात १२२ बिट यादृच्छिक असतात. साधा वाढता काउंटर वाचायला सोपा, पण सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तोही पहिल्यापासून सुरू होतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. सर्व्हलेट ६.० (जावा वेब ॲप्लिकेशनच्या मानकाची आवृत्ती) मध्ये रिक्वेस्टकडूनच आयडी मिळतो असे वाचले. मग फिल्टर कशाला?

प्रतिसाद २
ती सोय टॉमकॅट १०.१ पासून आहे, परंतु तो आयडी कंटेनर (इथे टॉमकॅट) चालू असेपर्यंतच अद्वितीय राहील, एवढीच हमी मिळते. सर्व्हर दोन असतील आणि लॉग एकत्र साठवले जात असतील, तर ती अपुरी ठरते. शिवाय तो लॉगमध्ये स्वतःहून येत नाही, त्यामुळे फिल्टर लिहावाच लागतो.

सर्व्हरच्या आधी रिक्वेस्ट स्वीकारून पुढे पाठवणारी प्रॉक्सी असेल, तर तिने एक्स-रिक्वेस्ट-आयडी हेडरमध्ये पाठवलेला क्रमांकच पुढे चालवावा, म्हणजे दोन्हीकडचे लॉग जुळतात. मात्र हेडर बाहेरूनही कोणीही भरू शकतो. म्हणून लांबी आणि अक्षरे तपासल्याशिवाय तो लॉगमध्ये लिहू नये. अनेक सेवा एकमेकींना हाका मारत असतील, तर स्वतःचा हेडर ठरवण्याऐवजी वेब मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीचे ट्रेसपेरेंट हेडर (एका रिक्वेस्टचा माग सर्व सेवांमधून ठेवणारे) स्वीकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता
काही कामे आम्ही एक्झिक्युटरकडे (वेगळ्या थ्रेडवर कामे चालवणाऱ्या घटकाकडे) सोपवतो. तिथे क्रमांक पोहोचेल का?

प्रतिसाद १
आपोआप पोहोचणार नाही. काम सोपवताना एमडीसीतील नोंदींची प्रत घ्यावी, काम सुरू होताच ती नव्या थ्रेडवर बसवावी आणि काम संपताच पुसावी. स्प्रिंग ही जावा फ्रेमवर्क वापरत असाल, तर हे सर्व तिच्या टास्कडेकोरेटरमध्ये (प्रत्येक कामाभोवती कोड गुंडाळण्याच्या सोयीत) एकाच ठिकाणी लिहिता येते. तोच क्रमांक रिस्पॉन्सच्या हेडरमध्येही परत पाठवा आणि त्रुटीच्या पानावर दाखवा. मग तक्रार करणाऱ्याला तो सांगता येईल.